एमआरआयमधले पांढरे ठिपके आणि मेटाबॉलिक सिंड्रोम: संबंध किती, करायचं काय?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ५४, पुरुष. वारंवार डोकं दुखतं म्हणून मेंदूचा एमआरआय झाला. डोकेदुखीचं कारण त्यात सापडलं नाही, पण ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे इस्केमिक बदल, फाझेकास श्रेणी २’ असं रिपोर्टात लिहून आलं; बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पडल्याने आलेले पांढरे ठिपके असा त्याचा अर्थ, श्रेणीचं पुढे सांगतो. मग बाकीच्या तपासण्या झाल्या: बीपी १३८/८८, उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, कंबर ९८ सेंटीमीटर. डॉक्टर म्हणाले, हा मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. तुम्ही विचारता की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, पुढे स्मृतिभ्रंश होणार का, हे ठिपके जातात का आणि ॲस्पिरिन सुरू करू का.

ॲस्पिरिनचं आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर वाचून होईपर्यंत लोक गोळी सुरू करून मोकळे होतात. तुम्ही दिलेल्या माहितीवर तरी ॲस्पिरिन नको. कारणं पुढे येतील.

मेटाबॉलिक सिंड्रोमचे निकष पाच. कंबरेचा घेर दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यांतले कोणतेही तीन जुळले की निदान होतं. औषध चालू असल्यामुळे आकडा आटोक्यात दिसत असेल, तरी तो निकष जुळला असंच धरतात. ही एकत्रित व्याख्या २००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ठरवली. तुमचे पाचही जुळतात. तरीही सुटा सुटा आकडा पाहिला तर त्यातला एकही घाबरवणारा नाही. बीपी ‘थोडंसं’ वर, साखर ‘बॉर्डरवर’, कंबर ‘या वयात होतेच तेवढी’. ओपीडीत रोज हेच ऐकतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं नुकसान नेमकं अशाच आकड्यांच्या आडोशाने, दहा-पंधरा वर्षं, काहीही न दुखता होत राहतं.

या निदानाबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे, ते लपवत नाही. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हे घटक एका सूत्रात ओवले, तेव्हा मध्यभागी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, होता; लठ्ठपणा त्यांच्या यादीत नव्हताच. नंतर व्याख्या बदलत गेल्या, कंबर आत आली, आकडे वरखाली झाले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी मिळून सरळ विचारलं की पाच घटकांच्या बेरजेपेक्षा या लेबलातून जास्तीचं काही कळतं का. प्रश्न रास्त होता. इशारा म्हणून हे लेबल मला उपयोगी वाटतं, कारण एक आकडा बिघडलेला सापडला की उरलेले चार शोधायची सवय त्याने लावली. पण उपचार ठरवताना पाचही घटकांना एकाच तराजूत तोलू नये. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांपुरतं बोलायचं तर त्यांतला एक घटक बाकीच्या चारांपेक्षा बराच वजनदार आहे, आणि तो म्हणजे बीपी.

आता मेंदूकडे वळू. शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. त्याच्या खोल भागांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या मिलिमीटरच्या काही दशांश इतक्या बारीक असतात. काही धमन्या तळाशी असलेल्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटून थेट वर घुसतात. मोठ्या नळीतला दाब त्यांना अगदी थोड्या अंतरात झेलावा लागतो. दुसऱ्या काही धमन्या मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून लांबचा प्रवास करत आतल्या पांढऱ्या भागात, म्हणजे मज्जातंतूंच्या जाडजूड जुड्यांमध्ये पोहोचतात. या पांढऱ्या भागाची गत पाटाच्या शेवटच्या शेतासारखी आहे. वर कुठेही दाब घटला किंवा भिंत खचली की पहिली झळ त्याला लागते, आणि शेजारच्या धमनीतून मदत मिळण्याची सोय फारशी नाही.

सी. मिलर फिशर या न्यूरॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात शवविच्छेदनांतून या बारीक धमन्यांच्या भिंतींत काय बिघडतं ते बारकाईने मांडलं. तिथल्या स्नायूंच्या जागी काचेसारखा दिसणारा, स्निग्ध पदार्थ मिसळलेला थर भरतो, भिंत जाड आणि निबर होते, आतली पोकळी अरुंद होते. धमनी पूर्ण बंद पडली तर तिच्यापुढचा चिमूटभर मेंदू मरतो आणि कालांतराने तिथे पाण्याने भरलेली पोकळी राहते. तिला लॅक्यून म्हणतात. आकार साधारण ३ ते १५ मिलिमीटर. एमआरआयवर याखेरीज पांढरे ठिपके व पट्टे, सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे बिंदू आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या जागा दिसतात. हे सगळं कसं मोजायचं आणि काय म्हणायचं, याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१३ साली ठरलं. एक मात्र ध्यानात ठेवा. नेहमीच्या एमआरआयमध्ये या रक्तवाहिन्या स्वतः दिसत नाहीत. दिसतात ते त्यांच्या बिघाडाचे मागे उरलेले परिणाम. म्हणून ठिपके दिसेपर्यंत आजार बराच जुना झालेला असतो.

फाझेकास श्रेणी १९८७ पासून वापरात आहे. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे सुटे बारीक ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळू लागलेत, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. रॉटरडॅममधल्या एका मोठ्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या लोकांपैकी जेमतेम पाच टक्के लोकांचा मेंदू पूर्णपणे ठिपकेमुक्त निघाला. त्यामुळे सत्तरीत श्रेणी १ आली तर मी फार चर्चा करत नाही. ५४ व्या वर्षी श्रेणी २ ही मात्र वयाच्या मानाने थोडी जास्त आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करणार नाही.

इथे एक फाटा फुटतो आणि तुमच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. डोकेदुखी अर्धशिशीची असेल तर अर्धशिशीच्या रुग्णांत असे ठिपके तसेही जास्त आढळतात. दुसरं, सकाळी उठल्या उठल्या डोकं जड असतं का, रात्री जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, दिवसा डुलकी लागते का? ही लक्षणं स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराची असतात. स्लीप ॲप्निया सकाळची डोकेदुखी देतो, रात्रीचं बीपी चढं ठेवतो, पोटावरच्या चरबीशी त्याचं घट्ट नातं आहे आणि पांढऱ्या ठिपक्यांशीही तो जोडलेला आढळतो. एका झोपेच्या तपासणीने तीन प्रश्नांचा उलगडा होऊ शकतो, तरी ती सहसा कुणी सुचवत नाही. तिसरं, घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोक किंवा स्मृतिभ्रंश झाला असेल आणि सोबत दृष्टीसमोर चमक येणारी अर्धशिशी असेल, तर कॅडासिल नावाचा आनुवंशिक आजारही मनात धरावा लागतो. तो नॉच ३ या जनुकातल्या बदलाने होतो. तो विरळ आहे, पण विचारल्याशिवाय सापडत नाही. न्यूरॉलॉजिस्टने प्रत्यक्ष फिल्म पाहणं यासाठीच गरजेचं असतं. नुसत्या रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये.

संबंध कसा जुळतो, ते आता पाहू. इन्सुलिन म्हटलं की लोकांना साखर आठवते. पण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरही इन्सुलिनचं काम चालतं, आणि तिथे त्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गाने नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि वाहिनी सैल होते. दुसऱ्या मार्गाने एन्डोथेलिन तयार होतं आणि ती आवळते. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पहिला मार्ग मंदावतो, दुसरा मात्र चालूच राहतो. त्यात भर म्हणून शरीर जास्त इन्सुलिन ओतत असतं. त्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाने काम वाढवलं की तिथल्या धमनीने पटकन रुंद व्हायला हवं, ते नीट होत नाही. साखर अजून ‘बॉर्डरवर’ असतानाच हे सुरू झालेलं असतं.

पोटातल्या चरबीचा मार्ग वेगळा. कातडीखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची, यकृताभोवतीची चरबी जास्त उपद्रवी असते. तिच्यातून इंटरल्यूकिन ६ सारखे दाह वाढवणारे पदार्थ रक्तात येतात, आणि रक्तवाहिन्यांना जपणारं ॲडिपोनेक्टिन कमी होतं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबर-नितंब गुणोत्तर जितकं जास्त तितके मेंदूच्या खोल भागातले ठिपके जास्त, असं आढळलं. त्या नात्याचा काही भाग रक्तातल्या इंटरल्यूकिन ६ मधून जात असल्याचंही दिसलं. खोल भागातले, हे लक्षात घ्या. मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठावरच्या ठिपक्यांशी तसं नातं जुळलं नाही. ठिपका कुठे आहे यावरूनही कारणाचा अंदाज बांधता येतो, म्हणून मला हा तपशील मोलाचा वाटतो.

आणि हीच चरबी बीपीही वाढवते. तिच्यातून बीपी वाढवणाऱ्या साखळीतलं अँजिओटेन्सिनोजेन तयार होतं, ताणाच्या वेळी काम करणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था चेतलेली राहते, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. म्हणजे कंबर आणि बीपी हे दोन निकष कागदावर वेगवेगळे असले तरी शरीरात एकच साखळी आहे. पुढची कडी महाधमनीची. तरुणपणी महाधमनी लवचिक असते, हृदयाचा प्रत्येक ठोका ती स्वतः ताणून झेलते आणि पुढे रक्त संथपणे पाठवते. बीपी, साखर आणि वय यांनी ती ताठर झाली की ठोक्याचा धक्का न विरता पुढे जातो. मेंदूतला रक्तप्रवाह भरपूर आणि तिथला अडथळा कमी, त्यामुळे तो धक्का थेट बारीक धमन्यांपर्यंत जाऊन आपटतो. मूत्रपिंडाचंही असंच असतं. म्हणून लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का ही साधी तपासणी मी अशा रुग्णांत आवर्जून करतो. तिथल्या सूक्ष्म वाहिन्या गळू लागल्या असतील तर मेंदूतल्या वाहिन्यांबद्दलही शंका बळावते.

गळतीचा मुद्दा मेंदूतही आहे. ‘धमनी अरुंद झाली, रक्त कमी पडलं, ठिपका आला’ ही पूर्वीची सोपी गोष्ट आता अपुरी वाटते. अस्तर बिघडल्यावर रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर झिरपू लागतो, रक्तातली प्रथिनं भिंतीत आणि बाहेर शिरतात, आसपासच्या पेशी चिडतात, मज्जातंतूंवरचं आवरण दुरुस्त करणाऱ्या पेशींचं काम अडतं. वाहिनी बंद पडणं हा या गोष्टीचा उशिरा येणारा भाग असावा, असं आज अनेक संशोधक मानतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हा आजार का थांबत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे.

कोरिया, जपान आणि इतरत्र झालेल्या पाहण्यांत मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांत पांढरे ठिपके आणि नकळत होऊन गेलेले लहान इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेले भाग) जास्त आढळले आहेत. पण घटक सुटे करून पाहिले की बहुतेक वेळा बीपी पुढे येतं, त्यामागे साखर. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचं नातं एका अभ्यासात दिसतं, दुसऱ्यात विरून जातं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तर या पाचांत नाहीच; त्याचा मुख्य मारा मोठ्या धमन्यांवर असतो. सिगारेट-तंबाखूही निकषांत नाही, पण सूक्ष्म वाहिन्यांच्या शत्रूंत तिला मी बीपीच्या जवळ बसवतो. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. घेत असाल तर या उत्तरातलं बाकी सगळं त्यानंतर.

पाहण्यांमधून संबंध कळतो. उपचार केल्याने फरक पडतो का, हे चाचण्यांतून कळतं. सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीच्या मेंदूविषयक भागाचा, तो २०१९ साली आला. सिस्टोलिक (वरचं) बीपी १२० च्या खाली आणलेल्या गटात, १४० च्या खाली ठेवलेल्या गटाच्या तुलनेत सौम्य बौद्धिक ऱ्हासाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही. एमआरआय केलेल्यांत सुमारे चार वर्षांत ठिपक्यांचं आकारमान एका गटात ०.९२ आणि दुसऱ्यात १.४५ घन सेंटीमीटरने वाढलं. म्हणजे वाढ दोन्हीकडे झाली; कडक नियंत्रणाने तिचा वेग कमी झाला. यातल्या दोन गोष्टी बातम्यांत येत नाहीत. चाचणीत मधुमेही आणि आधी स्ट्रोक झालेले लोक नव्हते. आणि तिथलं बीपी रुग्णाला शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने घेतलेलं होतं, त्यामुळे तिथले १२० म्हणजे गडबडीच्या ओपीडीत घाईने घेतलेले १२० नव्हेत.

साखरेची कहाणी निराशाजनक आहे, निदान उशिरा सुरुवात केली तर. अकॉर्ड चाचणीच्या मेंदूविषयक भागात वर्षानुवर्षांचा मधुमेह असलेल्या लोकांची साखर आक्रमकपणे खाली आणली. ४० महिन्यांनी मेंदूचं आकारमान किंचित बरं राहिलं, पण विचारशक्तीच्या चाचण्यांत दोन गटांत फरक पडला नाही. आणि त्याच मूळ चाचणीत आक्रमक गटात मृत्यू वाढल्याने तो भाग २००८ मध्ये आवरता घ्यावा लागला होता. याचा अर्थ साखर महत्त्वाची नाही असा घेऊ नका. अर्थ इतकाच की मधुमेह मुरल्यावर साखर दामटून खाली आणल्याने मेंदूला मागचं भरून मिळत नाही. तुम्ही अजून त्या टप्प्याच्या अलीकडे आहात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अमेरिकी चाचणीत सुमारे सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. लुक अहेड या दुसऱ्या चाचणीत मधुमेही, वजनदार लोकांना दहा वर्षं जीवनशैलीचा कडक कार्यक्रम दिला. शेवटी काढलेल्या एमआरआयमध्ये त्या गटात ठिपक्यांचं आकारमान २८ टक्क्यांनी कमी होतं. विचारशक्तीत मात्र तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आता तुमच्यापुरतं. पहिलं काम बीपी नीट मोजणं. दंडाला पट्टा बांधायचं, प्रमाणित केलेलं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा बीपी खोटंच जास्त दाखवतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. सकाळी औषधं आणि नाश्त्याआधी आणि रात्री झोपण्याआधी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजा. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर उच्च रक्तदाब आहे असं समजून उपचारांबद्दल बोलायला हवं. मेंदूत आधीच बदल दिसत असल्यामुळे माझं लक्ष्य १३०/८० च्या खाली राहील. त्यासाठी गोळी लागली तर घ्या. ‘एकदा लागली की सुटत नाही’ ही भीती मेंदूला फार महाग पडते. कंबर घटली, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आलं, स्लीप ॲप्निया सापडून त्यावर उपचार झाले, तर अनेकांची गोळी कमी करता येते.

वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीवर भरवसा ठेवा. नियमित व्यायामाने पोटातली चरबी वजन फारसं न हलताही घटू शकते, आणि याच टप्प्यावर ‘काही फरक पडत नाही’ म्हणून लोक सोडून देतात. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या. ट्रायग्लिसराइड २१० साठी वेगळ्या गोळीची गरज मला दिसत नाही. साखर, मैदा, दारू आणि वजन कमी झालं की तो आकडा आपोआप उतरतो. तो ५०० च्या पुढे जातो तेव्हा स्वादुपिंडासाठी चिंतेचा असतो. एचडीएल औषधाने वाढवण्याचे प्रयत्न हृदयविकारात फसले आहेत, त्यामागे लागू नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घ्यायचं की नाही हे एलडीएल आणि हृदयविकाराच्या एकूण जोखमीवरून ठरतं, ठिपक्यांवरून नाही. तुम्ही एलडीएलचा आकडा दिलेला नाही.

ॲस्पिरिनबद्दल. एसपीएस-३ या चाचणीत लॅक्यूनर स्ट्रोक होऊन गेलेले तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीची जोड दिल्याने पुढचे स्ट्रोक कमी झाले नाहीत; रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. त्याच चाचणीत सिस्टोलिक बीपी १३० च्या खाली ठेवलेल्या गटात मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी होतं. हे झालं स्ट्रोक झालेल्यांचं. त्यांना एक गोळी, साधारणपणे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, द्यावीच लागते. तुम्हाला स्ट्रोक झालेलाच नाही. अशा ‘मूक’ बदलांसाठी युरोपियन स्ट्रोक संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका असंच सांगतात, बीपीवर मात्र उपचार करा म्हणतात. हृदयासाठी किंवा दुसऱ्या कारणाने ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती या उत्तरावरून बंद करू नका. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टॅझोल या जुन्या औषधांच्या एका मध्यम आकाराच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आशादायक आले. मोठ्या चाचणीशिवाय ती लिहून देण्याची वेळ अजून आलेली नाही. मेंदूची टॉनिकं म्हणून जे विकलं जातं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

स्मृतिभ्रंश होईल का? जोखीम वाढते, पण रिपोर्टावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. तुमच्यासारख्या अनेकांना पुढची कित्येक वर्षं काहीच होत नाही. मात्र या आजाराचं रूप लोकांच्या कल्पनेपेक्षा वेगळं असतं, म्हणून ते ओळखता आलं पाहिजे. सुरुवात नावं विसरण्याने सहसा होत नाही. विचार आणि कामं संथ होतात, दोन गोष्टी एकदम सांभाळणं जड जातं, नेहमीचा हिशेब किंवा प्रवासाची आखणी रेंगाळते. चाल मंदावते, पावलं आखूड पडतात. लघवी आली की थांबवत नाही. माणूस गप्प होतो, कशात रस घेत नाही. घरचे त्याला म्हातारपण म्हणतात किंवा नैराश्य समजतात. स्मरणशक्तीच्या जुन्या, तीस गुणांच्या एमएमएसई चाचणीत हा माणूस चांगले गुण मिळवू शकतो, कारण आखणी आणि वेग तपासणारे प्रश्न तिच्यात फारसे नाहीत. मोका चाचणीत ते आहेत. शंका असेल तर तीच करा.

आणि एक धोक्याची खूण. लॅक्यूनर स्ट्रोकमध्ये माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, डोकं दुखत नाही, बोलणंही अनेकदा समजतं. फक्त एका बाजूचा चेहरा, हात आणि पाय लुळे पडतात किंवा बधिर होतात. ‘नस दबली असेल, झोपून उठलं की बरं वाटेल’ असं म्हणून लोक घरी थांबतात आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत निघून जाते. अशा वेळी स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

ठिपके जातात का, हा उरलेला प्रश्न. लॅक्यूनची पोकळी भरून येत नाही. पांढरे ठिपके मात्र समजलं जात होतं तितके अचल नाहीत. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे २००६ पासून सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ५०३ लोकांचा माग ठेवला गेला. वारंवार काढलेल्या एमआरआयमध्ये काहींचे ठिपके मधल्या काळात लहान झालेले दिसले. ते काय केल्याने होतं, हे सिद्ध करणारा उपचार आज हातात नाही. त्यामुळे ठिपके घटले का हे पाहायला दरवर्षी एमआरआय काढण्यात अर्थ नाही. नवं लक्षण आलं, चालण्यात किंवा वागण्यात फरक पडला, तर पुन्हा काढावा. एरवी दर तीन महिन्यांनी बीपीची वही, कंबर आणि वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन एवढं पुरतं.

शेवटी, हे उत्तर वाचून कुणी आपल्या ऐंशीच्या आईवडिलांना हेच आकडे लावू पाहील, म्हणून लिहितो. मेटाबॉलिक सिंड्रोमचं मेंदूवरचं ओझं मुख्यतः मध्यमवयात चढतं. ऐंशीत, उभं राहिल्यावर बीपी घसरून चक्कर येत असेल तर ते आणखी खाली रेटल्याने पडून हाड मोडण्याचाच धोका. त्या वयात प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्याचं कौतुक न करता कारण शोधावं. स्मृतिभ्रंशाच्या आधीची काही वर्षं वजन आपोआप घटताना दिसतं. त्यांचं बीपी बसलेलं आणि तीन मिनिटं उभं राहिल्यानंतरचं, असं दोन्ही मोजून घ्या आणि मगच गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.